उमेदवारीच्या परीक्षेस जाताना

'उमेदवार' हा शब्द आजकाल निवडणुकीच्या दिवसांत फार कानी पडतो. परंतु त्याचा मूळ अर्थ अगदी साधा आहे. उमेद धरून राहिलेला तो उमेदवार. पूर्वी एखाद्या कचेरीत वा कारखान्यात, पुढे कायमचे काम मिळेल ह्या आशेवर जो थोड्याशा पगारावर राबे, त्यास लोक उमेदवार म्हणत. आज कायद्याच्या भाषेत ज्यास 'शिकाऊ उमेदवार' आणि बोलण्यात 'ॲप्रेंटिस' म्हणतात, तो ह्याच घराण्यातला होय.

गेले वर्षभर आम्ही सहाजण अशी उमेद धरून होतो. आमच्यापैकी चौघांनी ह्याच शाळेत, मराठीतून, दहावीपर्यंतचे शिक्षण घेतले. उरलेले दोघे पेडणे तालुक्यातील. त्यांची आमची गाठ पडली ती औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत. तेथे कोणी फिटरचे, कोणी टर्नरचे, तर कोणी इलेक्ट्रिशियनचे काम दोन वर्षे शिकलो आणि मग निरनिराळ्या कारखान्यांच्या निवड-परीक्षांस बसू लागलो. 'आपल्या धाकट्या बंधुभगिनींच्या उपयोगी पडेल असे काहीतरी वार्षिकांकासाठी लिहा,' असा शाळेचा निरोप आला, तेव्हा ह्याच परीक्षांविषयी लिहावे असे आम्ही सर्वानुमते ठरविले.

डिचोली तालुक्यात वाढलेल्या मुलास यंत्राचे नवल नसते. तांबड्या धुळीने माखलेले ट्रक, खनिज वाहून नेणारे बार्ज, वर्कशॉपाबाहेर पडलेले भलेमोठे टायर, हे सर्व आम्ही अक्षरओळख होण्यापूर्वीच ओळखू लागलो होतो. परंतु २०१२ साली खाणी बंद पडल्या. मध्यंतरी काही काळ चालल्या. आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविल्यावर त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात पुन्हा थांबल्या. आमच्यातील एकाचे वडील खाणीवर मेकॅनिक होते. घरातले बोलणे त्या दिवसापासून कसे हलक्या आवाजात होऊ लागले, हे त्यास अजून आठवते. पुढे २०२२ च्या अखेरीस खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले खरे. पण एकाच धंद्यावर सर्व घर टेकून ठेवू नये, हा धडा तोवर सर्व तालुक्यास मिळाला होता.

पेडण्याच्या मित्रांची कथा थोडी निराळी. त्यांच्या तालुक्यात १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली. मोपाच्या पठारावरील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. विमानतळ म्हटला की लोकांस केवळ विमाने दिसतात. परंतु त्याच्या पोटात वीज, पंप, हवा थंड करणारी यंत्रे, सामानाचे सरकते पट्टे असे अफाट जग असते आणि ते चालविण्यास जाणती माणसे लागतात. 'हे काम बाहेरगावच्यांनीच येऊन करावे काय?' हा प्रश्न पेडण्यात घरोघरी ऐकू येतो. त्याचे उत्तर केवळ भाषणांनी देता येत नाही. त्यास हातात कसब असावे लागते.

हे कसब शिकण्यासाठी देशात एक कायदा आहे. शिकाऊ उमेदवारांचा अधिनियम १२ डिसेंबर १९६१ रोजी झाला. आणि त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. आमच्या भूमीचे स्वातंत्र्य आणि हा कायदा अशी एकाच आठवड्याची भावंडे आहेत, हे कळले तेव्हा आम्हांस मोठी मौज वाटली. २०१९ साली सुधारलेल्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असे ठरले. त्याच वेळी किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे दरमहा ५,००० ते ९,००० रुपये असे ठरविण्यात आले. रक्कम मोठी नव्हे. पण स्वतःच्या कष्टाचे पहिले पैसे आईच्या हातावर ठेवताना ती लहानही वाटत नाही.

जागा थोड्या आणि अर्ज फार, म्हणून निवड आली. निवड आली म्हणून परीक्षा आली. तीत बहुधा अंकगणित, सामान्य विज्ञान, यंत्रांविषयीचा तर्क आणि आकृत्यांची जाण असे कागदावरचे भाग असतात. त्यांतून निभावला तो प्रत्यक्ष कामाच्या कसोटीस, गटचर्चेस, मुलाखतीस व वैद्यकीय तपासणीस जातो. सर्वच ठिकाणी हा क्रम नसतो. रेल्वेच्या कित्येक विभागांत शिकाऊ उमेदवारांची निवड लेखी परीक्षेवाचून, दहावीच्या व औद्योगिक प्रशिक्षणाच्या गुणांवरच होते. तेव्हा दहावीचे गुण हे निव्वळ मिरविण्यासाठी असतात, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ती आजच टाकून द्यावी.

आता तयारीकडे वळतो. अंकगणितात अडचण ज्ञानाची नसून वेळेची असते. एका परीक्षेत आम्हांस शंभर प्रश्न आणि साठ मिनिटे मिळाली. म्हणजे एका प्रश्नास छत्तीस सेकंद! त्या वेळी आमच्या मदतीस आले ते कोरगावचे एक वृद्ध गृहस्थ, आमच्या एका मित्राचे आजोबा. मुक्तिपूर्व काळात ते गावच्या मराठी शाळेत शिकले. त्या शाळेने त्यांस पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी अपूर्णांकांची पाढ्यांची माळच दिली होती. 'पाऊणकीत सात?' असे विचारताच ते सुपारी कातरता कातरता 'सव्वापाच' म्हणत. आम्ही अजून कागद शोधीत असू. नळ जोडणारा कारागीर आजही 'अर्धा इंची', 'पाऊण इंची' असेच म्हणतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर एवढे ध्यानी ठेवले की, पाव इंच ६.३५ आणि पाऊण इंच १९.०५ हे पावकी-पाऊणकी जाणणाऱ्यास आपोआप सुचते. जी विद्या जुनाट म्हणून आपण अडगळीत टाकली, तीच कारखान्याच्या दारात उपयोगी पडली. आम्ही रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांच्यापुढे बसू लागलो. आजोबाही खुलले, कारण नातवंडांस आपल्याकडून काही घेण्याजोगे उरले आहे, हे त्यांस फार दिवसांनी कळले होते.

दुसरा भाग यंत्रांविषयीच्या तर्काचा. ह्यास मोठा इतिहास आहे. अमेरिकेत ह्युगो म्युन्स्टरबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ट्राम हाकणाऱ्यांची सावधानता मोजण्याचे प्रयोग केले आणि १९१३ साली उद्योगधंद्यांच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला. पुढे १९४० साली बेनेट ह्यांची चित्रांवरून यंत्रज्ञान अजमावणारी प्रश्नमाला निघाली. दोन दंतचक्रे, एक कप्पी, एक तरफ अशी चित्रे काढून 'कोणते चक्र कोणत्या दिशेस फिरेल?' असे विचारण्याची जी पद्धत आज सर्वत्र दिसते, ती ह्याच वळणाची.

ह्या प्रश्नांचे संच बाजारात विकत मिळतात. आम्ही तेही सोडविले. परंतु खरा उपयोग झाला तो अंगणाचा. सायकल उलटी करून तिच्या चक्रांचे दात मोजले. पुढे ४४, मागे १८. म्हणजे पाय एकदा फिरला की चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. साखळीने जोडलेली दोन्ही चक्रे एकाच दिशेने फिरतात. पण दात एकमेकांत अडकलेली दोन चक्रे परस्परांविरुद्ध फिरतात, आणि त्यांच्यामध्ये तिसरे घातले की शेवटचे पुन्हा पहिल्याच्या दिशेने वळते. विहिरीवरच्या कप्पीने घागरीचे वजन कमी होत नाही, केवळ ओढण्याची दिशा बदलते. म्हणून तर अंगाचा भार दोरावर टाकता येतो. शेतात पाणी काढण्याची लाट ही तर साक्षात तरफच. मागे बांधलेला दगड माणसाचे अर्धे काम करतो. पुस्तकातील चित्र विसरते. परंतु स्वतः ओढलेला दोर हाताच्या लक्षात राहतो.

आकृत्यांच्या भागाने आम्हांस प्रथम फार छळले. एखादी वस्तू समोरून, वरून व बाजूने कशी दिसेल हे कागदावर ओळखावयाचे. आपल्या देशात यंत्रांची रेखाचित्रे 'फर्स्ट अँगल' पद्धतीने काढतात. म्हणजे वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली मांडतात. हे पाठ करणे सोपे, डोळ्यांपुढे आणणे अवघड. आम्ही कपडे धुण्याच्या साबणाच्या वड्या आणून त्यांस खाचा पाडल्या, तिरपे काप दिले आणि प्रत्येक तुकड्याची तीन दृश्ये काढली. चवथीच्या दिवसांत तर गणपतीवरची माटोळी हाच आमचा नकाशा झाला. खाली उभे राहून तिच्या चौकटीच्या पट्ट्या कशा छेदतात ते पाहावे आणि तीच वरून कशी दिसेल ते कागदावर उतरवावे. घरातील मंडळींस वाटे की मुले भक्तिभावाने वर पाहत आहेत. आणि भक्तिभाव अगदीच नव्हता असेही नाही!

आता भाषेविषयी. मराठी माध्यमातील मुलांच्या मनात सर्वांत मोठी धास्ती हीच असते, कारण ह्या परीक्षा बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत असतात. आमचा अनुभव असा की, विज्ञान आम्हांस येत होते. केवळ त्याने अंगात घातलेला कोट निराळा होता. आम्ही एक वही केली. तिच्या पहिल्या रकान्यात शाळेतला शब्द, दुसऱ्यात परीक्षेतला शब्द आणि तिसऱ्यात गॅरेजमधल्या मिस्त्रीचा शब्द. घर्षण आणि फ्रिक्शन, तरफ आणि लिव्हर, त्वरण आणि ॲक्सिलरेशन. 'टॉर्क' हा शब्द पुस्तकातील व्याख्येने कळेना. पण 'नट किती जोराने आवळायचा त्याचे माप', असे मिस्त्रींनी सांगताच तो घरचा झाला. वर्षअखेर वहीत चारशेंवर शब्द जमले.

आणि परके शब्द घरचे होतात, हे गोमंतकीयांस कोणी सांगावे? चावी, बिजागरी, पिंप आणि पगार हे चारही शब्द पोर्तुगिजांबरोबर आले. आज ते उच्चारताना कोणास परकेपणा वाटतो काय? शब्द हेही हत्यारच आहे. ज्याच्या हातात बसले त्याचे ते झाले. म्हणून मराठीतून शिकल्याचा न्यूनगंड कोणी बाळगू नये. ज्यास स्वभाषेत एखादी गोष्ट नीट कळली, त्यास दुसऱ्या भाषेतील तिचे नाव शिकण्यास एक संध्याकाळ पुरते. परंतु ती संध्याकाळ मात्र द्यावी लागते.

कागदाचे दार ओलांडले की कामाचा दिवस येतो. सकाळी आठ वाजता हजर, संध्याकाळी पाच वाजता सुटका. आम्हां फिटरांस लोखंडाचा एक तुकडा दिला होता. तो कापून, कानसून काटकोनात आणावयाचा. कानस पुढे ढकलताना कापते, मागे घेताना नव्हे. म्हणून मागे येताना दाब सोडावा लागतो. थकलेला मनुष्य हे विसरतो आणि मग कानशीचे दात लवकर बोथट होतात. काम झाले की त्यास गुण्या लावून उजेडाकडे धरतात. गुण्या आणि लोखंड ह्यांमधून प्रकाशाची रेघ दिसली की समजावे, अजून काम उरले आहे. आमच्या पाहण्यात इतका निःपक्षपाती परीक्षक दुसरा नाही. तो नाव विचारीत नाही, गाव विचारीत नाही, माध्यमही विचारीत नाही.

त्यानंतर मापे घ्यावी लागतात. पिएर व्हर्निअर ह्या फ्रेंच गृहस्थाने १६३१ साली प्रसिद्ध केलेली युक्ती आजही प्रत्येक फिटरच्या खिशात असते. मुख्य पट्टीवरील ४९ मिलिमीटर अंतराचे सरकत्या पट्टीवर ५० भाग केले की एका भागात ०.०२ मिलिमीटरचा फरक पडतो आणि तेवढे सूक्ष्म माप डोळ्यांस वाचता येते. ह्याचा सराव आम्ही घरातील नाणी, खिळे आणि सायकलचे छर्रे मोजून केला.

गटचर्चेविषयी पुष्कळांचा समज असतो की जो मोठ्याने बोलतो तो जिंकतो. आमच्या गटास वर्तमानपत्राचे कागद आणि दोरा देऊन उंच मनोरा उभारावयास सांगितले होते. तेव्हा परीक्षक मनोऱ्याकडे थोडे आणि आमच्याकडेच अधिक पाहत होते. कोण दुसऱ्याचे ऐकून घेतो, कोण पडलेला कागद निमूटपणे उचलतो, कोण गप्प राहिलेल्यास 'तुमचे काय मत?' असे विचारतो, ह्यावर त्यांची नजर होती. सप्ताहात भजनास उभे राहिलेल्यांस ही गोष्ट नवी नाही. पखवाज कितीही चांगला वाजला तरी त्याने गाणाऱ्याचा आवाज बुडवू नये, हे आपल्याकडे लहान मुलांसही कळते.

मुलाखतीत आमच्यातील इलेक्ट्रिशियन भगिनीस विचारले, 'रात्रपाळी आली तर घरचे सोडतील काय?' ती शांतपणे म्हणाली, 'घरच्यांस विचारूनच अर्ज केला आहे, साहेब. परतीच्या गाडीची सोय मात्र आपण सांगावी.' हे उत्तर तिने पाठ केले नव्हते. तो प्रश्न तिने खरोखरच घरी सोडविला होता. म्हणूनच तिचा आवाज कापला नाही.

वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या रंगीत तबकड्या दाखवून त्यांतील अंक वाचावयास सांगतात. जपानचे डॉक्टर शिनोबू इशिहारा ह्यांनी १९१७ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. रंग नीट न ओळखणाऱ्यास विजेच्या तारांचे किंवा रेल्वेच्या सिग्नलचे काम मिळणे कठीण. ह्यात अपयश आले तर कित्येकांचा धीर सुटतो. अशांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे स्मरण करावे. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. परंतु रंगांचा भेद त्यांच्या डोळ्यांस नीट कळत नाही असे आढळले. त्यांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास शिकले, पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. एक दार बंद झाले म्हणजे सर्व घरच बंद झाले असे नव्हे.

आता निकाल सांगणे आले. सहांपैकी चौघांची निवड झाली. तिघे गोव्यात आणि एक कोल्हापुरास. पाचव्याचे नाव प्रतीक्षा-यादीत आहे. सहावा अजून बाहेर आहे. आणि हाच सहावा आम्हां सर्वांत कानशीच्या कामात अव्वल! त्याने केलेल्या काटकोनातून प्रकाशाचा धागासुद्धा जात नाही. परंतु तिन्ही ठिकाणी कागदाची चाळणी आधी होती आणि कामाची मागाहून. थोड्या थोड्या गुणांनी तो पहिल्याच चाळणीत अडकला आणि त्याचा हात कोणी पाहिलाच नाही. खाणीवरील ज्या मेकॅनिकचा उल्लेख वर केला, त्यांचाच हा मुलगा. त्या दिवशी वडील त्यास एवढेच म्हणाले, 'लोखंड तुला ओळखतं. आता कागदाला ओळख दे.' तो सध्या डिचोलीत एका गॅरेजमध्ये काम करतो आणि संध्याकाळी पाऊणकी म्हणतो. पुढल्या हंगामात त्याचा अर्ज तयार आहे.

त्याच्या उदाहरणाने आमचे एक मत पक्के झाले. कागदावरची परीक्षा हे केवळ दार आहे. घर आहे ते कामाचे. दारालाच घर समजून जे निव्वळ प्रश्नसंच घोकतात, ते आत गेल्यावर भांबावतात. आणि ज्यांस घर येते, त्यांनी दाराचा तिटकारा केला तर ते बाहेरच राहतात. म्हणून धाकट्या मित्रांनी दोन्हींची तयारी धरावी. आणि ती दहावीनंतर नव्हे, आठवीपासून. रोज दहा उदाहरणे तोंडी करावीत. रोज एक वस्तू मोजावी आणि तिचे चित्र काढावे. रोज दोन नवे शब्द वहीत उतरवावेत. घरातील मोडलेला पंखा वा सायकल टाकून देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली ती उघडून पाहावी. विजेची वस्तू असेल तर आधी तार काढून. ह्यास पैसा फारसा लागत नाही. सातत्य मात्र लागते.

उमेदवारी संपल्यावर देशभर मान्य असलेले प्रमाणपत्र मिळते आणि मग नोकरीचे वा स्वतंत्र धंद्याचे रस्ते उघडतात. ते पुढचे पुढे. तूर्त आमच्या सहाव्या मित्रास आपण सर्वांनी सुयश चिंतावे, आणि येत्या वर्षी ज्या कोणास उमेदवारीच्या परीक्षेस बसावयाचे असेल त्याने आमची शब्दांची वही शाळेच्या ग्रंथालयातून अवश्य घ्यावी. तिची शेवटची काही पाने आम्ही मुद्दाम कोरी ठेवली आहेत; ती त्याने भरावीत.